भिंतीवरची मिरची

"तुझ्या मिरच्या पुसाव्या लागतेत," दादा म्हणाला.

तो दारातच उभा होता आणि त्याने पायातली चप्पल काढली नव्हती. आमच्या घरात चप्पल न काढता बोललेली गोष्ट म्हणजे बाहेर ठरून आलेली गोष्ट. मी भाकरीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिले, कारण मी भिंतीवर एकही मिरची काढली नव्हती. बाजारतळाच्या गोदामाच्या त्या लांबलचक भिंतीवर मी समुद्र काढला होता.

"कुठल्या मिरच्या?"

"साऱ्या गावाला दिसून राह्यल्या त्या. लाल. पोटात कागद भरलेल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी हंगामातली पहिली हर्राशी होती. लिलावाला आमच्याकडे हर्राशीच म्हणतात. दादाच्या मिरचीचा पहिला तोडा त्याच हर्राशीला जायचा होता. आणि हर्राशी चालवणाऱ्या अडत्यांनी त्याला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं की बहिणीने भिंत पुसली नाही, तर तुझ्या गोण्यांना उद्या कोणी बोलीची हाक देणार नाही.

हे वाक्य बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. माल एक दिवस नाही विकला, तर दुसऱ्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात न्यावा, तिथे काय कमी गाड्या लागतात? पण आमचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात मिरची तोडत होते. संध्याकाळी ताकाच्या वाटीत बोटं बुडवून बसायचे, तरी आग जायची नाही. दादाने आमच्या तुकड्यात पहिल्यांदा मिरची लावली, ती स्वतःच्या नावाने आमच्या गावच्या हर्राशीला नेली आणि गोणीवर हात ठेवून तो रांगेत उभा राहिला, तेव्हा वडील बाजारतळाच्या तारेबाहेर उभे राहून पाहत होते. आत ये म्हटलं तरी आत आले नाहीत. बौद्धवाड्यातल्या माणसाने त्या रांगेत माल घेऊन उभं राहणं काय असतं, ते ज्याला कळायचं त्याला कळतं. वडील गेले. रांगेतली ती जागा राहिली, आणि माझ्या चित्रापायी ती जायची वेळ आली होती.

मी जालन्याला एका शाळेत चित्रकला शिकवते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात चित्रकारांचं एक शिबिर होतं, तिथे गेले होते. मला वाटलं होतं, समुद्र काढायला शिकवतील, होड्या, लाटा, मावळतीचा सूर्य. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी काचेच्या पट्टीवर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

थेंबात गर्दी होती. काचेच्या मण्यांसारख्या हिरव्या साखळ्या, चांदण्या, आणि त्यांच्यामधून झटके देत फिरणारा एक जीव. लांबट अंग, खाली निमुळती शेपटी, डोक्यावर दोन लांब मिशा. अंग इतकं पारदर्शक की आतलं सगळं दिसत होतं. "ह्यांना प्लवक म्हणतात," बाई म्हणाल्या, "पाणी नेईल तिकडे जाणारे. समुद्रातलं सगळं खाणं इथून सुरू होतं." मग त्यांनी दुसरा थेंब ठेवला. त्यातल्या जिवाच्या पोटात एक काळा कण अडकलेला होता. तो कण प्लास्टिकचा होता, कुठल्या तरी पिशवीचा किंवा दोरीचा, झिजून झिजून इतका लहान झालेला की त्याला तो खाऊ वाटला. मोठ्या माशाच्या पोटात पिशवी सापडल्याचे फोटो मी पाहिले होते आणि विसरलेही होते. हा मात्र विसरता येईना, कारण तो मला जिवंत पोटात अडकलेला दिसला होता.

घरी आले तेव्हा आईने विचारलं, "कसा होता गं समुद्र?"

"एक थेंब पाहिला," मी म्हटलं.

"इतक्या लांब जाऊन?" आई म्हणाली, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसली.

आमच्या गावातून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. पण दादाच्या वावराच्या कडेने ओढा जातो, ओढा केळणेला मिळतो, केळणा पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी थेट समुद्राला. हे मी पाचवीच्या भूगोलात पाठ केलं होतं. पाठ केलेली गोष्ट पायाखाली सापडली ती सुट्टीतच, बांधावर.

मिरचीच्या बेडवर, म्हणजे गादीवाफ्यावर, आमच्याकडे प्लास्टिक अंथरतात. वरून चंदेरी, खालून काळं. तण उगवत नाही, ओल टिकते, चंदेरी बाजूमुळे किडीलाही आळा बसतो. दुकानात त्याला मल्चिंग पेपर म्हणतात आणि गावात नुसता कागद. शेततळ्याच्या तळाला घालतात तोही कागद. हंगाम संपला की तो ओढून काढायचा. पण उन्हाने तो इतका कडकडीत झालेला असतो की ओढावा तेवढाच तुकडा हातात येतो. बाकीचा मातीत राहतो, नांगरटीत बारीक होतो, वाऱ्याने आणि पाण्याने ओढ्याला लागतो. आमच्या बांधावरच्या बोरीला मागच्या वर्षीच्या कागदाच्या चिंध्या लागल्या होत्या, ओढ्याच्या गाळात त्याचे कपटे चमकत होते.

"दादा, हे सगळं कुठे जातं?"

"कुठी जाणार? कागद हाय. कुजून जातो."

"हा कागद नाही, दादा. प्लास्टिक आहे."

"प्लास्टिक म्हणजे बकेट. बकेट अन् ह्यो एक हाय का?" त्याने एक चिंधी हातावर चुरगाळली. तिचा चुरा झाला. "हे पाह्य. झाली का न्हाई माती?"

मी त्या चुऱ्याकडे पाहिलं आणि मला तो थेंबातला कण दिसला. मी ते दादाला सांगायला गेले आणि नीट सांगता आलं नाही. मला बोलता येत नाही, पटकन राग येतो आणि मग माझे शब्द एकमेकांवर पडतात. मला काढता येतं. म्हणून मी सरपंचाकडे जाऊन भिंत मागितली.

सरपंच शाळेत माझ्या मागच्या वर्गात होता, मला ताई म्हणतो. गोदामाची भिंत रिकामीच होती, तिच्यावर लोक पानाच्या पिचकाऱ्या मारत. "काढा ताई, समुद्र काढा," तो म्हणाला, "गावात तेवढाच कमी हाय."

प्लास्टिकविषयीचं चित्र डब्यातल्या प्लास्टिक पेंटने काढायची मला लाज वाटली. म्हणून मी तीनच रंग घेतले. चित्रामागच्या जमिनीला चुना, रेघांना काजळी आणि अंगाला गेरू. मी मुद्दाम त्या जिवाला माणसाएवढा केला. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट निदान एकदा तरी आपल्या उंचीची दिसावी, एवढाच माझा हिशोब. पारदर्शक अंग चुन्यावर कसं काढणार? म्हणून अंग गेरूने भरलं, वर दोन मिशा वळवल्या, खाली निमुळती शेपटी. आणि पोटात मात्र काही काढलं नाही. तिथे मी खराच कागद लावला. दादाच्या बांधावरच्या चिंध्या धुऊन, सुताराकडून आणलेल्या सरसाने चिकटवल्या आणि सुटू नयेत म्हणून कडेने बारीक चुका ठोकल्या. भिंतभर असे जीव, लहान मोठे, एका प्रवाहात. ऊन पडलं की त्यांची पोटं चकाकायची.

खाली काही लिहा, असं माझ्या शाळेतल्या एका बाईंनी फोनवर सुचवलं होतं. मी ठसक्यात म्हटलं, खाली लिहावं लागलं तर चित्र कशाला काढायचं?

चित्र पूर्ण झाल्यावर लोक थांबून पाहायला लागले. फोन काढून फोटो घ्यायला लागले. मी घरी वहिनीला सांगितलं, लोकांना पोचतंय गं. वहिनी म्हणाली, "हो, पोचून राह्यलंय खरं." तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण माझं लक्ष नव्हतं. मी आनंदात होते.

आणि मग दादा चप्पल न काढता दारात उभा राहिला.

मी तशीच उठले आणि त्याच्यामागे बाजारतळावर गेले. दुपार टळत आली होती. भिंतीसमोर सरपंच, गावातले ते जुने अडते आणि चार-सहा मिरचीवाले उभे होते. मी लांबून माझ्याच भिंतीकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांनी, आणि माझे पाय थबकले. लाल, लांबट अंग. खाली निमुळतं टोक. वर वळलेला देठ. दादा बरोबर बोलत होता. भिंतभर पिकलेल्या मिरच्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात मल्चिंगचा कागद होता.

"या म्याडम," अडते म्हणाले. वडील ज्यांच्या वावरात तोडायला जायचे त्यातले ते एक. आवाज कधी चढत नाही त्यांचा, आणि त्याचीच मला लहानपणापासून भीती वाटते. "तुमचं शिक्षण मोठं, आमी काय बोलणार? पण उद्या भायेरच्या गाड्या येत्यान. धावड्यापासून इथवरचा माल इथं उतरंल. यापारी गाडीतून उतरला की त्याला काय दिसंल?"

"ती मिरची नाही, काका. तो समुद्रातला जीव आहे. प्लवक."

"पालक?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "पालक काढायला गेल्त्या, मिरची झाली!"

"प्लवक," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "पाण्यातला बारीक जीव."

"मंग त्याला देठ काहून हाय?"

"देठ नाही, मिशी आहे. तिने तो पाणी चाचपतो."

"मिरचीला मिशी," परत मागून आवाज आला, आणि या वेळी सरपंचही हसला. मला कानशिलं तापल्याचं जाणवलं. दादा हसत नव्हता. तो खाली पाहत होता.

अडत्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. भिंतीचा फोटो होता. कोणीतरी तो पुढे पाठवला होता, पुढच्याने त्याच्याही पुढे, आणि परप्रांतातल्या एका व्यापाऱ्याने तो अडत्यांनाच पाठवून विचारलं होतं की तुमच्या गावच्या मिरचीत प्लास्टिक निघतं का. "आता ह्याला काय सांगू?" अडते म्हणाले. "मिशी हाय म्हणून सांगू?"

"मी खाली लिहिते. मोठ्या अक्षरात लिहिते काय आहे ते."

"वाचणार कोण? गाडीवाला तेलुगू, यापारी हिंदी, अन् फोटो तर कधीच गेला."

माझा तोल गेला. "तुम्हाला अख्ख्या दुनियेत मिरचीच दिसते का हो?"

"दिसंलच की, म्याडम," ते शांतपणे म्हणाले. "खातो तिच्यावर."

मला एकदम रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

सरपंचाने मध्यस्थी करून पाहिली. "ताई, पुसू नका. रंग बदला नुसता. हिरवा देऊन टाका."

"मंग तर बराबर आपलीच मिरची झाली," दादाच पहिल्यांदा बोलला.

"मंग निळा? समिंदर निळाच असतो की."

सरपंच साधेपणाने बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कळलं. बाजारतळाची भिंत, निळा रंग, आणि तो देणारी बौद्धवाड्यातली बाई. कोणी काही म्हणालं नाही, कोणाला म्हणायची गरजही नव्हती. अडते भिंतीच्या वरच्या कडेकडे पाहायला लागले. माझ्या डोक्यात वीज चमकली की देऊनच टाकावा निळा, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाला, "निळा बिलकुल न्हाई. त्याचं पुन्हा येगळंच निघंल. चुना मारतो मी."

"दादा, माझी भिंत आहे."

"भिंत तुझी हाय. माल माझा हाय." तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. "तू शाळा उघडली की जालन्याला जाशील. मला इथी उभं राह्यचंय."

हे त्याने चारचौघांत म्हटलं. मी मागे सरले आणि गोदामाच्या पायरीवर बसले.

ग्रामपंचायतीकडे भिजवलेला चुना होताच. दादाने ड्रम ओढत आणला, कुंचा घेतला आणि डावीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. बाकीचे थोडा वेळ उभे राहिले आणि एकेक करून निघून गेले. आता त्यांना पाहण्यासारखं काही नव्हतं, बौद्धवाड्यातला माणूस भिंतीला चुना मारत होता.

पहिल्या जिवाशी आल्यावर दादाने पोटातला कागद ओढला. तेवढाच तुकडा हातात आला. पुन्हा ओढला, पुन्हा कपटाच निघाला, बाकीचा चुकांपाशी अडकून राहिला. "वावरात बी असंच करतो ह्यो," तो स्वतःशी म्हणाला. मग नाद सोडून त्याने वरूनच कुंचा फिरवला. "चुन्यात झाकून जाईल."

मी पायरीवर बसून प्रत्येक जीव जाताना पाहिला. इतका राग मला दादाचा कधी आला नव्हता. लहानपणी त्याने माझी रंगपेटी विहिरीत टाकली होती तेव्हाही नाही. आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर भिजलेला सदरा चिकटलेला पाहून मला उठून त्याच्या हातातला कुंचा घ्यावासा वाटत होता. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

"मारून टाकलेस सगळे," मी म्हटलं.

"भिंतीवरचेच ना?" तो म्हणाला. "समिंदरातले तर हायेत."

"ते आपण मारतोय."

कुंचा भिंतीवर सप सप वाजत राहिला.

ओला चुना काही झाकत नाही, वाळल्यावरच तो पांढरा होतो. दादाने दोन हात मारले तरी दिवस मावळताना भिंतीतून गेरूचा लाल दिसतच होता, जखमेवरच्या पट्टीतून दिसावा तसा. दादा घरी आला, जेवायला बसला, अर्ध्यातून उठून पुन्हा भिंत पाहून आला. "दिसून राह्यलंय अजून," तो म्हणाला. आईने त्याच्या ताटात भाकरी वाढली, त्याने ती तशीच ठेवली. "सकाळी जर दिसलं ना," तो म्हणाला आणि वाक्य पुरं केलं नाही. माझ्या मनात काय होतं, ते सांगते. निम्मं मन म्हणत होतं, दिसू दे. आणि निम्मं मन दादाच्या ताटातल्या त्या भाकरीकडे पाहत होतं.

सकाळी दादा आणि वहिनी तोड्याला गेले. मीही गेले, पण आमच्यात बोलणं नव्हतं. मिरची तोडताना बेडवरचा नवा कोरा कागद उन्हात इतका चमकत होता की डोळे दिपत होते. दुपारी गोण्या टेम्पोत चढवल्या आणि आम्ही बाजारतळाकडे निघालो. दादा समोर बसला होता. वळण आलं तसा तो सीटवरून पुढे सरकला.

भिंत पांढरीशुभ्र होती. लाल कुठेच नव्हता. देठ नव्हते, शेपट्या नव्हत्या, एकही मिरची नव्हती. दादाने मोठा श्वास सोडला आणि मग तो श्वास मध्येच थांबला.

कागद तिथेच होता. चुना त्याच्यावर बसलाच नव्हता. वाळला, तडकला आणि वाऱ्याने झडून गेला होता. पांढऱ्या भिंतीवर चंदेरी, काळ्या चिंध्यांचे झुबके तेवढे राहिले होते, जिथे जिथे पोट होतं तिथे तिथे, प्रवाहात जावे तसे एकामागे एक. वाऱ्याने त्यांची टोकं फडफडत होती. जीव गेले होते आणि त्यांनी खाल्लेलं राहिलं होतं. मी इतकं चांगलं चित्र जन्मात काढलं नव्हतं, आणि हे मी काढलंही नव्हतं.

दादा टेम्पोतून उतरून सरळ भिंतीपाशी गेला. नखाने खरवडून पाहिलं. ओढून पाहिलं. हातात कपटा आला. मागे गाड्या लागत होत्या, गोण्या उतरत होत्या, हर्राशीची रांग धरली जात होती. अडते आले, त्यांनी भिंत पाहिली, दादाकडे पाहिलं. त्यांच्या मागे बाहेरचा एक व्यापारी होता, पांढऱ्या सदऱ्यातला, हातात फोन. त्याने फोन वर धरला, फोटोशी भिंत ताडून पाहिली.

"ये क्या लगा है दीवार पे?"

अडते घाईने म्हणाले, "कुछ नहीं सेठ, पुराना कागद है."

दादाने तेव्हा मान हलवली असती तरी चाललं असतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. मी मनात म्हणत होते, गप्प बस दादा, गप्प बस. आदल्या दिवशीपर्यंत जी गोष्ट त्याने बोलावी म्हणून मी भांडत होते, ती आता त्याने बोलू नये असं मला वाटत होतं.

"मेरे खेत का है," दादा म्हणाला. "मिरची में नहीं है. मिरची के नीचे था. अब नाले में है."

अडत्यांचा चेहरा पाहायची मला हिंमत झाली नाही. व्यापारी दादाकडे बघत राहिला, मग त्याच्या गोणीपाशी गेला. तोंड सोडलं, आत कोपरापर्यंत हात घातला, तळातली मिरची काढली. मोडली. आत पाहिलं. हुंगली. दातांनी टोक तोडलं आणि खूप वेळ चावत राहिला.

"माल अच्छा है," तो म्हणाला आणि पुढे गेला.

हर्राशी सुरू झाली. दादा गोणीवर हात ठेवून रांगेत उभा होता. पुढच्या गोण्यांना हाका होत गेल्या. अडते दादापाशी आले तेव्हा जरासे थांबले, आणि त्या थांबण्यात माझे वडील तारेबाहेर उभे असल्यासारखं मला वाटलं. मग त्यांनी हाक दिली. आवाज नेहमीसारखाच, चढलेला नाही, उतरलेला नाही.

परतताना आम्ही रिकाम्या टेम्पोत मागे बसलो, तो एका बाजूला, मी दुसऱ्या. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. घराशी उतरल्यावर त्याने चप्पल काढली, हातपाय धुतले आणि मूठ उघडून भिंतीवरचा तो कपटा ओट्यावर ठेवला.

आईच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. "पुसलं का रे सारं?" तिने विचारलं. "लोक म्हणून राह्यले, कागद तसाच राह्यला भिंतीवर."

"कागद न्हाई तो, आई," दादा म्हणाला. "कागद असता तर निघाला असता."